जुन्या आउटबोर्ड स्की-बोटीची चाल बिघडली तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला पोलोग्राउंड भागात आमचं छोटं वर्कशॉप आहे. फायबरच्या बोटी आणि आउटबोर्ड मोटरी, एवढंच काम. बोटी येतात त्या बहुतेक इंदिरा सागरच्या पाण्यातून, काही गांधी सागरहून. त्यातल्या एका जातीवर माझा फार जीव आहे : पंधरा-सोळा फुटांची, मागे ७५ ते ९० हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर टांगलेली, ऐंशी-नव्वदच्या दशकातली स्की-बोट, म्हणजे पाण्यावर स्की करणाऱ्याला दोराने ओढणारी. तिचे तीन-चार मालक होऊन गेलेले असतात, खुर्च्यांचं रेक्झिन फाटलेलं असतं, आणि घेऊन येणारा सांगतो, "काका, मोटर चांगली आहे, पण बोट पूर्वीसारखी पळत नाही." त्याच एका तक्रारीची जी वेगवेगळी रूपं लोक फोनवर विचारतात, ती इथे एकत्र केली आहेत.

सगळंच बिघडल्यासारखं वाटतंय. सुरुवात कुठून करू?

वजनकाट्यापासून. मग तळ, मग मागची पाटी (जिच्यावर मोटर टांगलेली असते ती), मग स्टिअरिंग, मग मोटरची उंची, आणि सगळ्यात शेवटी मोटरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर. मोटर खोलण्याची वेळ आलीच तर त्यानंतर.

बहुतेक जण नेमकं उलट करतात, कारण मोटर डोळ्यांना दिसते, आवाज करते, आणि मेकॅनिकलाही तीच येते. आमच्या घरची पहिली बोट बाबांनी जुनी घेतली तेव्हा आमचंही तसंच झालं. बोट उठेना म्हणून एका मेकॅनिकने मोटर पूर्ण खोलली. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं नवं टाकलं. दोन महिने आणि बरेच पैसे गेले, आणि बोट होती तशीच राहिली. दोष बोटीच्या पोटात होता, तिथे कुणी हातच घातला नव्हता. तेव्हापासून मी कुठल्याही जुन्या बोटीची मोटर आधी उघडत नाही.

एक वही करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा : बोटीत माणसं किती, पेट्रोल किती, पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती, मोबाइलच्या जीपीएसवर वेग किती. पंखा बदलला, मोटर वर घेतली आणि बॅटरीही हलवली, हे सगळं एकाच दिवशी केलंत तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही.

बोटीचं वजन करायचं म्हणजे नेमकं काय?

ट्रेलरसकट धर्मकाट्यावर न्यायची. देवास नाक्याकडे ट्रकांसाठी काटे आहेत, तिथे गाडीपासून ट्रेलर सोडवून फक्त ट्रेलर काट्यावर उभा करा. मग बोट पाण्यात उतरवली की रिकामा ट्रेलर वाटेतल्या एखाद्या काट्यावर तोला. वजाबाकी म्हणजे बोट. मोठा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने मोजतो, आपल्याला तेवढं पुरतं.

आता बोटीचं मूळ वजन, मोटरचं वजन, बॅटरी, पेट्रोल, नांगर, लाइफ जॅकेटं, सगळं मांडून बेरीज करा. मूळ वजन बोटीच्या आतल्या पट्टीवर नाहीतर कंपनीच्या जुन्या पत्रकात मिळतं. काटा बेरजेपेक्षा तीस-चाळीस किलो जास्त दाखवत असेल तर ते दुरुस्त्यांचं फायबर आणि रंग समजा. दीडशे-दोनशे किलो जास्त दाखवत असेल तर बोटीत पाणी आहे, आणि ते अशा जागी आहे जिथून ड्रेन प्लग काढला तरी बाहेर येत नाही.

म्हणजे फोम भिजलाय का?

बहुधा हो. जुन्या बोटींच्या फरशीखाली ओतीव फोम असतो. बोट पाण्याने भरली तरी ती तरंगत राहावी म्हणून तो घातलेला असतो, आणि नवा असताना त्याचं वजन घनमीटरला साधारण ३० किलो असतं. पण फरशीच्या स्क्रूंच्या भोकांतून, सीटच्या बोल्टांतून पाणी वर्षानुवर्षं झिरपत राहतं. लिटरला एक किलो, या हिशेबाने फोम ते पीत जातो.

आमच्या त्या बोटीच्या मागच्या सीटखाली मी होल-सॉने वाटीएवढं भोक पाडलं तो क्षण अजून हाताला आठवतो. कटर बाहेर आला तो लाकडाच्या ओल्या चोथ्याने माखलेला. आत बोट घातलं तर फोम स्पंजासारखा दबला आणि तपकिरी पाणी मनगटापर्यंत ओघळलं. वास अगदी पावसात भिजलेल्या बारदानासारखा. तिथून मागच्या पाटीपर्यंत आम्ही फरशी कापली आणि खुरप्याने फोम काढला. घमेल्यामागून घमेली भरत होती, आणि बाबा काही न बोलता ती उचलून नेत होते.

तुम्ही आधी असंच एक भोक पाडून बघा, ते नंतर प्लास्टिकच्या झाकणाने बंद करता येतं. भोक मागच्या बाजूला पाडा, कारण बोट नाक वर करून उभी असते आणि पाणी मागेच जमतं. फोम ओला निघाला तर घरातला फॅन लावून, उन्हात ठेवून तो वाळेल अशी आशा धरू नका. मी एक आख्खा उन्हाळा ते करून पाहिलं आहे. तो कापून काढावाच लागतो. आणि काढल्यावर जागा रिकामी सोडू नका, बंद पेशींचा नवा फोम भरा. तरंगण्याची हमी काढून घेतलेल्या बोटीत मी कुणाच्या मुलांना बसवणार नाही.

तळ सरळ आहे की नाही हे घरी कसं बघायचं?

खिडक्या बनवणाऱ्यांकडून ॲल्युमिनियमचा सहा फुटी सरळ सेक्शन आणा. बोट ट्रेलरवर असतानाच खाली झोपा आणि सेक्शन तळाला लावा. मधल्या कण्यापासून वीतभर बाजूला, कण्याला समांतर, मागच्या पाटीच्या कडेपासून पुढे. डावीकडे बघा, उजवीकडे बघा. शेवटचे चार-पाच फूटच महत्त्वाचे, कारण वेगात बोट तेवढ्याच भागावर पाण्याला टेकलेली असते.

सेक्शनची दोन्ही टोकं टेकली आणि मध्ये फट राहिली तर तळ आत गेला आहे. याला आम्ही हूक म्हणतो. मध्ये टेकला आणि टोकं सुटली तर तळ फुगला आहे, तो रॉकर. फटीत आगपेटीची काडी घालून बघा. काडी साधारण २ मिलिमीटरची असते. ती अडकत असेल तर सोडून द्या. सैल फिरत असेल, म्हणजे फट ३ मिलिमीटरच्या वर असेल, तर बोटीची चाल त्यामुळेच बिघडली असण्याची शक्यता मोठी.

हूक असलेली बोट नाक खाली दाबते. पाणी मोठं उडतं, वेग निघत नाही, आणि लाटेत नाक एकीकडे रुतून बोट अचानक वळते. रॉकर असलेली बोट उड्या मारते.

हूक येतो कशाने? ट्रेलरने. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. ट्रेलरच्या फळ्या मागच्या पाटीच्या आधीच संपत असतील तर शेवटचा फूट-दीड फूट तळ आणि त्यावर सव्वाशे किलोंची मोटर हवेत लटकते. इंदूरहून सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा पूल, सनावद असा तो रस्ता, घाटातला प्रत्येक खड्डा ती मोटर तळावर आपटते. मग बोट वर्षातले दहा महिने त्याच फळ्यांवर उभी. फायबर हळूहळू फळीच्या टोकाभोवती वाकतं. फळ्या मागच्या पाटीच्या रेषेपर्यंत यायलाच हव्यात. हे काम कुठलाही वेल्डर अर्ध्या दिवसात करून देतो.

हूक भरून काढता येतो : खोलगट भाग घासून, फायबर आणि एपॉक्सीची पुटी भरून, लांब पट्टीने सपाट करून. मागची कड मात्र धारदार ठेवा. पुटीवाला हौसेने कड गोल करतो, आणि गोल कडेभोवती पाणी चिकटून बोटीचं शेपूट खाली ओढतं.

वेग घेतला की बोट नाक वर-खाली करत उड्या मारते. का?

आधी ट्रिम, म्हणजे मोटरचा तिरपेपणा, बघा. मोटरचा खालचा भाग पाटीपासून जितका बाहेर, तितकं नाक वर. प्रमाणाबाहेर गेला की नाक उचललं जातं, वजन त्याला पेलत नाही, ते आपटतं, पुन्हा उचललं जातं. बटणाचं ट्रिम असेल तर जरा आत घ्या. जुन्या मोटरींना बटण नसतं, ब्रॅकेटमध्ये भोकं आणि एक आडवी पिन असते. मोटर बंद करून पिन एक भोक आत घाला.

तेवढ्याने थांबलं नाही तर वजन पुढे न्या. २४ लिटरची भरलेली टाकी जवळजवळ १८ किलोंची, बॅटरी आणखी वीस एक किलो, आणि जुन्या बोटींत हे दोन्ही मागच्या कोपऱ्यात कोंबलेलं असतं. बॅटरी पुढे नेताना जाड केबल वापरा, बारीक वायरवर स्टार्टर ओढणार नाही.

दोन्ही करूनही उड्या राहिल्या तर रॉकर.

पूर्ण वेगात बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर डुलते. भीती वाटते.

भीती बरोबर आहे. थ्रॉटल सावकाश कमी करा, झटक्याने सोडू नका. वेगात व्ही तळाची बोट अगदी अरुंद पट्टीवर तोललेली असते. ती एकीकडे कलते, चालवणारा स्टिअरिंग फिरवून सावरतो, पण स्टिअरिंगमध्ये खेळ असेल तर ते सावरणं उशिरा पोचतं आणि पुढच्या डुलण्यात भर घालतं. म्हणून खेळ काढल्याशिवाय पुन्हा त्या वेगाला जाऊ नका. त्यानंतर ट्रिम किंचित आत. या दोन गोष्टींनी बहुतेक बोटी शांत होतात.

स्टिअरिंगमधला खेळ कसा शोधायचा?

एकाने चाक घट्ट धरून ठेवायचं, दुसऱ्याने मागे मोटर हाताने डावी-उजवीकडे हलवायची. चाक न हलता मोटर बोटभर हलली तर खेळ जास्त आहे. आता मागे बसून एकेका सांध्यावर बोट ठेवा आणि जोडीदाराला मोटर हलवायला सांगा : केबलचं टोक आणि मोटर यांना जोडणारा दांडा, त्याचे नट, मोटर ज्या खांबावर फिरते तिथल्या बुश, मोटरचे रबरी माउंट. जिथे हालचाल बोटाला जाणवते तिथे झीज. केबलच सैल असेल तर ती दुरुस्त होत नाही, नवी घ्या. खूपच जुन्या बोटींत तारेचा दोर आणि कप्प्यांचं स्टिअरिंग सापडतं. ते मी सांधत बसत नाही, काढूनच टाकतो.

आणि चाक जड फिरत असेल तर?

ब्रॅकेटमधून आडवी जाणारी नळी असते, तिच्यातून केबलचा दांडा सरकतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या बोटीत तिथलं ग्रीस सुकून दगड होतं. दांडा बाहेर काढा, नळी आतून ब्रश आणि डिझेलने साफ करा, दांडा बारीक एमरीने पुसा, वॉटरप्रूफ ग्रीस लावा. ग्रीसगनने ग्रीस भरत असाल तर दांडा पूर्ण आत असतानाच भरा. बाहेर असताना भरलं तर ग्रीसच दांड्याच्या वाटेत अडून चाक जाम होऊ शकतं, आणि ते नेमकं पाण्यात गेल्यावर कळतं.

स्टिअरिंग सतत एका बाजूला ओढतं. हात दुखून येतो.

पंख्याच्या वर, आडव्या पाटीच्या खालच्या अंगाला एक छोटा पर असतो, माशाच्या परासारखा. त्याचा बोल्ट सैल करून तो फिरवता येतो. बोट उजवीकडे ओढत असेल तर, मागून बघताना, पराची मागची कड उजवीकडे सरकवा. डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. ज्या बाजूला ओढ, त्याच बाजूला कड. एका वेळी अगदी थोडं सरकवा आणि तुम्ही नेहमी ज्या वेगाला स्की ओढता त्याच वेगाला तपासा.

ट्रिमचाही यात वाटा असतो. नेहमीच्या उजव्या फिरकीच्या पंख्याला मोटर फार आत घेतली तर ओढ उजवीकडे वाढते, फार बाहेर काढली तर डावीकडे. काही जुन्या मोटरींचा पर गंजून पार विरघळलेला असतो, कारण बऱ्याच ठिकाणी तो मोटरला गंजापासून वाचवणारा बळीचा तुकडाही असतो. नसेल तर नवा लावा, आणि त्याला रंग देऊ नका.

बोट डावीकडे कललेली चालते.

मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा बोटीला उलट दिशेने, म्हणजे डाव्या कुशीवर लोटतो. चालवणारा उजवीकडे बसतो त्याचा एक फायदा हाच. एकटे चालवतानाही कलत असेल तर आधी सामान कुठे आहे ते बघा, मग डाव्या बाजूचा फोम.

वळणावर मोटर एकदम किंचाळते आणि बोट ढकलणं सोडते.

पंख्याला पाण्याऐवजी हवा मिळते. मोटरची उंची मोजा. मोटर सरळ उभी करून, पंख्याच्या वरची आडवी पाटी कण्याच्या खालच्या रेषेत किंवा तिच्याहून फार तर २५ मिलिमीटर वर असावी. याहून वर असेल तर हवा ओढली जाते. खाली असेल तर ओढ वाढते आणि पाण्याचा फवारा मागच्या सीटवर येतो. मोटर पंधरा इंची पाटीची आणि बोट वीस इंचीची, असे विजोड संसार मी पुष्कळ पाहिले आहेत. मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो.

उंची बरोबर असेल तर पंख्याच्या पुढे, तळावर, हात फिरवा. स्पीडोमीटरची नळी, फिश-फाइंडरचा सेन्सर, सुटलेली कण्याची पट्टी, यांतलं काहीही पंख्याच्या अगदी समोर असेल तर ते पाण्यात बुडबुड्यांची रेघ ओढतं.

स्की करणारा पाण्यातून उठतच नाही. नुसता ओढला जातो.

सगळ्यात जास्त फोन याचे येतात, म्हणून सावकाश सांगतो.

वजन आणि तळ तपासून झाले आहेत असं धरू. आता पंख्याच्या रबरी हबची परीक्षा घ्या. पंख्याच्या मधल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या कड्यापर्यंत घरातल्या नेलपॉलिशने एक सरळ रेघ मारा. वाळू द्या. बोट दोन-तीनदा जोरात सोडा आणि रेघ बघा. तुटून दोन ठिकाणी गेली असेल तर रबर आत घसरतं आहे : मोटर फिरते, पंखा मागे राहतो. नवा हब बसवून घ्या.

रेघ जागेवर असेल तर हिशेब करा. पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच (न घसरता एका फेऱ्यात पंखा जितका पुढे जाईल ते अंतर), दोन्ही इंचांत. आरपीएमला गिअरच्या प्रमाणाने भागा, पिचने गुणा, मग ०.००१५२४ ने गुणा. पंखा जराही न घसरता जाईल तो वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. समजा ५४०० आरपीएम, गिअरचं प्रमाण २, पिच १७ : जवळजवळ ७०. जीपीएस ५८ दाखवत असेल तर घसरण १७ टक्के. अशा बोटींना १० ते २० टक्के ठीक. तीसच्या पुढे गेली तर पंखा वाकलेला, उंची चुकीची किंवा तळ बिघडलेला.

मग आरपीएम. मोटरच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची मर्यादा असते, जुन्या ९०च्या मोटरींना बहुधा ५००० ते ५५००. तुमची मोटर ४६००वरच थांबत असेल तर तिच्यासाठी पंखा जड आहे. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणजे ५०००ला पोचायलाच इथे दोन-तीन इंच कमी लागतील. स्कीसाठी पंखा असा निवडा की दोघं बसून बोट वरच्या मर्यादेला टेकेल. वरचा वेग थोडा जातो, पण स्कीला तो लागत नाही. शिकाऊ माणूस ताशी ३० किलोमीटरच्या आसपास आनंदाने उभा राहतो, आणि स्पर्धेतल्या स्लॅलमची, म्हणजे बोयांभोवती नागमोडी स्कीची, पुरुषांची मर्यादाही ५८ किलोमीटर आहे. चार पात्यांचा पंखा सुरुवातीची पकड आणखी वाढवतो.

मोटर जोर करताना गुदमरत असेल तर जोडीदाराला पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबायला सांगा. दाबल्यावर मोटर सावरली तर पेट्रोल पुरत नाही : पंप, फिल्टर किंवा आतून सुजलेली नळी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या मोटरींच्या नळ्या, गॅस्केटं त्यासाठी बनलेली नाहीत. नळ्या आणि फुगा नवे घाला, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, महिनाभर टाकीत पडलेलं पेट्रोल बोटीत वापरू नका. फुगा दाबून फरक पडला नाही तर कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर आता मात्र मोटर खोला.

एक गोष्ट ऋतूची. जानेवारीत २० अंशांना उठणारा माणूस मेच्या ४३ अंशांत उठत नाही, आणि लोक घाबरून येतात. तेवढ्या उन्हात हवा सात टक्क्यांच्या आसपास विरळ होते आणि मोटरचा जोरही त्या मानाने घटतो. सकाळी सात वाजता पाण्यावर जा.

स्की करणारा बाजूला गेला की बोटीचं शेपूट त्याच्याकडे ओढलं जातं.

दोर अगदी मागे बांधलेला असतो, म्हणून तसं होतं. तो डावीकडे कापत गेला की शेपूट डावीकडे आणि नाक उजवीकडे. मधोमध इंजिन असलेल्या स्पर्धेच्या बोटींत दोर बोटीच्या मध्यावरच्या खांबाला असतो आणि तळाखाली पर असतात. आपल्या बोटीत यांतलं काही नाही. दोर एका बाजूच्या कडीला किंवा शिडीला कधीच बांधू नका. पाटीच्या दोन्ही कड्यांना व्ही आकाराची जोडदोरी लावा, तिच्यावर कप्पी, कप्पीला स्कीचा दोर. नाक जिकडे वळतं त्याच्या उलट दिशेला चाक अर्धी वीत फिरवून आधीच तयार राहा, सवयीने जमतं.

माणूस पडला की पूर्ण थ्रॉटल सोडून चाक फिरवणं ही नव्यांची नेहमीची चूक. आउटबोर्ड बोट वळते ती पंख्याच्या जोराने. जोरच काढून घेतला तर ती सरळ तरंगत जाते. थोडा थ्रॉटल ठेवून वळा, जवळ आल्यावर न्यूट्रल, आणि तो बोटीत चढेपर्यंत मोटर बंद.

पंख्याला ठोकर लागल्यापासून बोट थरथरते.

इंदिरा सागर साठवणक्षमतेने देशातलं सगळ्यात मोठं जलाशय आहे. पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २६२ मीटरवर असते. उन्हाळ्यात ती उतरत जाते आणि झाडांचे खुंट, भिंती, विहिरींचे कठडे पृष्ठभागाच्या हातभर खाली येऊन थांबतात. २००४ मध्ये हरसूद शहर आणि किती तरी गावं या पाण्याखाली गेली. आपण जिथे बोट पळवतो तिथे लोकांची अंगणं होती. मी नव्या मुलांना हे मुद्दाम सांगतो, वेग कमी ठेवण्यासाठीही आणि माहीत असावं म्हणूनही.

ठोकर लागली की पंखा काढून सपाट लादीवर ठेवा आणि पातं न् पातं एकाच जागी मोजा. फरक दिसला तर पंखा सरळ करून घ्या. मग गिअर न्यूट्रलला टाकून शाफ्ट हाताने फिरवा आणि टोकाशी खिळा धरून बघा. शाफ्ट डुगडुगत असेल तर तशी बोट चालवू नका. सील फाटून गिअरमध्ये पाणी जातं. गिअर ऑइल दुधाळ झालं असेल तर ते आधीच गेलं आहे.

मागची पाटी कुजली आहे का?

पाटीच्या आत प्लायवूड असतं. प्लास्टिकच्या हातोडीने ठोका : टणक आवाज चांगला, ढब्ब आवाज वाईट. मोटर तिरकी वर करून खालचा भाग हाताने दाबा, पाटी वाकताना दिसली तर ती संपली. शंका उरली तर आतून ५ मिलिमीटरचं भोक पाडा. भुसा पिवळा, कोरडा आला तर भोक सीलंटने बुजवा. काळा, ओला आला तर पाटी बदला. नव्या पाटीसाठी आयएस ७१० शिक्क्याचंच मरीन प्लाय घ्या. "हेही वॉटरप्रूफ आहे" म्हणून दुसरं काही गळ्यात मारलं जातं. या एका बाबतीत मी काटकसर मान्य करत नाही. ९० हॉर्सपॉवरची मोटर त्या पाटीवर उभी असते.

नवी फोर-स्ट्रोक मोटर लावली तर सगळं सुटेल?

पेट्रोल कमी लागेल, धूर जाईल. पण ती वीस-चाळीस किलो जड असते आणि ते सगळं वजन पाटीवर येतं. उड्या मारणारी बोट आणखी उड्या मारेल. आधी बोट दुरुस्त करा.

मोटरला पंखांसारखा फॉइल लावू का?

बोट लवकर सपाट होते, म्हणजे नाक खाली येऊन पाण्यावर पळू लागते, खरं आहे. पण त्याने मूळ दोष झाकला जातो, म्हणून मी तो शेवटी लावतो, आणि क्वचितच.

दुरुस्तीनंतरची चाचणी कशी घ्यायची?

सकाळी, सपाट पाण्यात, दोघांनीच, जॅकेट घालून आणि किल-स्विचची (ओढली गेली की मोटर बंद करणारी) दोरी मनगटाला लावून. स्टिअरिंगचा खेळ काढला आहे, आता दोरी कशाला, असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. बोट गोल फिरून पडलेल्या माणसावर येते ती याच दोरीअभावी. आधी मंद वेगात पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळा, मग सपाट होण्याइतका वेग, मग अर्धा, मग पूर्ण. प्रत्येक टप्प्याचे आकडे वहीत. बोट २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदलेली आहे का आणि त्या पाण्यात चालवायची परवानगी आहे का, हे घरून निघण्याआधीच बघून घ्या.

पावसाळ्यात बोट इंदूरला आणून ठेवतो. काय काळजी घेऊ?

नाक वीतभर वर ठेवा, ताडपत्री मध्ये झोळ न होता ताणून बांधा, मोटरचं वजन पाटीवर लोंबू देऊ नका, उभी ठेवून टेकू द्या. कार्ब्युरेटर रिकामा करा. ड्रेन प्लग काढा, आणि काढलेला प्लग किल-स्विचच्या दोरीला बांधून ठेवा, म्हणजे हिवाळ्यात ती दोरी हातात घेतलीत की प्लगही हातात येईल.